कास्तेलारला कोणत्या मापाने मोजायचे?

स्पेनमधील पहिले प्रजासत्ताक ११ फेब्रुवारी १८७३ रोजी जाहीर झाले आणि त्याला वर्षही पुरे होण्याआधी एका सेनापतीने संसदेच्या सभागृहात शिपाई घुसवून ते मोडीत काढले. २०२३ मध्ये या घटनांना दीडशे वर्षे झाली आणि त्या निमित्ताने प्रजासत्ताकाचा चौथा अध्यक्ष एमिलियो कास्तेलार याच्याविषयीचा जुना वाद पुन्हा वर आला. हा वाद ज्या रीतीने घातला जातो ती मला मुळातच चुकीची वाटते. एका बाजूचे म्हणणे असे की कास्तेलार हा निव्वळ वक्ता होता. विरोधात असताना त्याने संघराज्याची, लष्करभरती रद्द करण्याची आणि देहान्त शिक्षा संपवण्याची स्वप्ने विकली आणि खुर्चीवर बसताच या तिन्हींना तिलांजली दिली. दुसरी बाजू सांगते की माथेफिरूंच्या गर्दीत तो एकटा शहाणा माणूस होता, सहकाऱ्यांनी त्याला आणखी सहा महिने दिले असते तर प्रजासत्ताक वाचले असते. या दोन्ही बाजू एकमेकींच्या कट्टर विरोधी असल्या तरी त्यांच्या हातातला तराजू एकच आहे. कास्तेलारने आपली मते किती बदलली, एवढेच त्या तोलतात. एकीला त्यात दगाबाजी दिसते, दुसरीला प्रौढपणा. आपल्याकडे मवाळ आणि जहाल अशी विभागणी करून राजकारण वाचण्याची सवय जुनी असल्यामुळे मराठी वाचकही या तराजूला चटकन सरावतो.

माझे म्हणणे असे की लोकशाहीतल्या राजकारण्याची पारख मतांच्या सातत्यावरून होत नाही. त्याने सत्ता कोणाकडून घेतली, किती मुदतीसाठी आणि कोणत्या हिशेबाच्या बोलीवर घेतली, आणि मुदत संपल्यावर ती कोणाच्या हाती परत केली, हे आधी पाहावे लागते. या मापाने १८७३-७४ मधला कास्तेलार त्याच्या टीकाकारांना वाटतो त्याहून पुष्कळ मोठा ठरतो आणि १८९० नंतरचा कास्तेलार त्याच्या चाहत्यांना वाटतो त्याहून बराच लहान.

ज्याला निव्वळ वक्ता म्हटले जाते त्याने बोलण्याची किंमत मोजली होती का, हे आधी पाहू. १८३२ मध्ये कादिझ येथे जन्मलेला, लहानपणीच वडील गेलेला हा मुलगा आलिकान्ते प्रांतातल्या एल्दा गावी वाढला, माद्रिदच्या विद्यापीठात शिकला आणि १८५४ च्या क्रांतीनंतर एका सभेत केलेल्या भाषणाने बाविसाव्या वर्षी देशभर माहीत झाला. पुढे तो त्याच विद्यापीठात इतिहासाचा प्राध्यापक झाला आणि १८६४ मध्ये त्याने ‘ला देमोक्रासिया’ हे वृत्तपत्र काढले. १८६५ च्या फेब्रुवारीत राणी इसाबेल दुसरी हिने राजघराण्याच्या मालमत्तेचा मोठा भाग विकून त्यातला तीन चतुर्थांश पैसा राष्ट्राच्या तिजोरीला देण्याचे आणि एक चतुर्थांश स्वतःकडे ठेवण्याचे जाहीर केले, तेव्हा दरबारी मंडळींनी तिच्या औदार्याचे पोवाडे गायले. कास्तेलारने ‘एल रास्गो’ या लेखात साधा प्रश्न विचारला: ही मालमत्ता मुळात राष्ट्राचीच असेल, तर राणीने दान दिले की राष्ट्राच्या मालमत्तेतला चौथा हिस्सा आपल्याकडे ठेवून घेतला? पंतप्रधान नार्व्हाएसच्या सरकारने त्याला प्राध्यापकपदावरून काढण्याचा आदेश दिला. रेक्टर मोंताल्बान यांनी तो आदेश अमलात आणण्यास नकार दिल्यामुळे त्यांनाही दूर करण्यात आले. रेक्टरांच्या सन्मानार्थ विद्यार्थी गाणी-वाद्ये घेऊन जमले, आणि १० एप्रिलच्या रात्री माद्रिदच्या भर चौकात सिव्हिल गार्डने जमावावर गोळ्या झाडल्या, संगिनी चालवल्या. माणसे मेली. दुसऱ्या दिवशी मंत्रिमंडळाच्या बैठकीतच शिक्षणखाते सांभाळणारा वृद्ध मंत्री अल्काला गालियानो कोसळला आणि मरण पावला. पुढच्या वर्षी माद्रिदच्या सान हिल बराकीतले राणीविरोधी बंड फसल्यानंतर कास्तेलारला त्याच्या गैरहजेरीत मृत्युदंड ठोठावण्यात आला आणि राणीला घालवणाऱ्या १८६८ च्या क्रांतीपर्यंत तो परदेशात राहिला. ज्या माणसाने एका लेखापायी नोकरी घालवली आणि पुढे मृत्युदंडाची शिक्षा ओढवून घेतली, त्याला ‘नुसता बोलणारा’ म्हणणे हा अन्याय आहे. शिवाय देहान्त शिक्षेचा प्रश्न त्याच्यासाठी पुस्तकी नव्हता, हेही यातून ध्यानात यावे.

क्रांतीनंतरच्या संविधानसभेत त्याने दोन भाषणे केली, ज्यांच्यावर त्याची कीर्ती आजही उभी आहे. १२ एप्रिल १८६९ रोजी धर्मस्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या मान्तेरोला या पाद्र्याला उत्तर देताना तो म्हणाला की सिनाई पर्वतावर मेघगर्जनेसह प्रकटणारा देव थोर आहेच, परंतु क्रुसावर खिळलेला असताना आपल्या मारेकऱ्यांना क्षमा करणारा देव त्याहून थोर आहे. २० जून १८७० रोजी त्याने वसाहतींतील गुलामगिरी तत्काळ रद्द करण्याची मागणी केली. सरकारचे विधेयक फक्त पुढे जन्मणाऱ्या मुलांना आणि वृद्धांना मुक्त करणारे होते. टप्प्याटप्प्याने मुक्ती देणे म्हणजे जिवंत माणसाला त्याच्या हक्कासाठी ताटकळत ठेवणे, अशी त्याची भूमिका होती. हे भाषण लक्षात ठेवावे. त्याचा संबंध पुढे येणार आहे.

आता विरोधी बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा मांडतो आणि तो हातचे न राखता मान्य करतो. प्रजासत्ताकवाद्यांना खेड्यापाड्यांतला आणि गिरण्यांतला गरीब मतदार मिळाला तो मुख्यतः एका आश्वासनामुळे: सक्तीची लष्करभरती बंद होईल. स्पेनमध्ये चिठ्ठ्या टाकून तरुण उचलले जात आणि ज्याच्या घरी पैसा असे तो ठरावीक रक्कम भरून मुलाला सोडवून घेई. म्हणजे युद्धावर मरायला गरिबाचाच मुलगा जाई. प्रजासत्ताकाने सुरुवातीलाच ही भरती रद्द केली. कास्तेलारने सप्टेंबर १८७३ मध्ये सत्ता हाती घेतल्यावर राखीव दलांतल्या तरुणांना सक्तीने बोलावले, लष्करी शिस्तीच्या नावाखाली देहान्त शिक्षा पुन्हा अमलात येऊ दिली, वृत्तपत्रांवर निर्बंध घातले आणि ज्या संघराज्यीय संविधानाचा मसुदा त्याने स्वतःच प्रामुख्याने लिहिला होता तो बाजूला ठेवला. त्या मसुद्यात क्युबा आणि पोर्तो रिको या वसाहती धरून सतरा राज्ये कल्पिली होती. चर्च आणि राज्य यांची फारकत होती. पुढे संसदेत कोणी त्या संविधानाचे काय झाले असे विचारले तेव्हा त्याने डाव्यांना सुनावले की ते तुम्हीच कार्ताखेनात, म्हणजे तुमच्या बंडाच्या त्या बंदरात, जाळलेत. ज्या आईने मुलगा घरी राहील म्हणून प्रजासत्ताकाचा जयजयकार केला, तिला हे उत्तर कसे पुरावे? या विश्वासभंगाची भरपाई कोणत्याही युक्तिवादाने होत नाही आणि ती झाली असे मी म्हणणार नाही.

परंतु विश्वासभंग झाला एवढे म्हणून विचार थांबवणे म्हणजे त्या सप्टेंबरकडे डोळेझाक करणे आहे. उत्तरेत कार्लिस्टांचे युद्ध भडकलेले होते. राजेशाहीची एक शाखा आणि कडवे धर्मनिष्ठ शेतकरी मिळून बास्क प्रदेशात आणि कॅटलोनियात स्वतःचे राज्य थाटत होते. क्युबात १८६८ पासून स्वातंत्र्ययुद्ध चालू होते. त्यात जुलै १८७३ मध्ये खुद्द संघराज्यवाद्यांचा उतावीळ गट उठला आणि संविधान मंजूर होण्याची वाट न पाहता त्याने शहराशहरांत स्वतंत्र ‘कांतोन’ जाहीर केले. कार्ताखेनाच्या बंडवाल्यांच्या हाती नौदलाचा मुख्य तळ आणि देशातली उत्तमोत्तम चिलखती जहाजे पडली. ती जहाजे किनाऱ्यावरच्या स्पॅनिश शहरांकडून खंडणी मागत फिरू लागली. पलटणींत सैनिक अधिकाऱ्यांचे हुकूम मानीत नव्हते. पहिला अध्यक्ष फिगेरास जूनमध्ये कोणाला न सांगता पॅरिसची गाडी पकडून निघून गेला होता. दुसरा, पी इ मार्गाल, हा माझ्या मते त्या पिढीतला सर्वांत खोल विचारवंत होता. संघराज्य खालून उभारायचे की वरून, या प्रश्नावर त्याने आयुष्य घालवले होते, आणि सत्तेत आल्यावर त्याने कायद्याचा मार्ग सोडला नाही. पण त्याच्याच नावाने घोषणा देणाऱ्यांनी त्याच्या पायाखालची जमीन काढून घेतली. महिनाभरात त्याला राजीनामा द्यावा लागला.

मग आला निकोलास साल्मेरोन. त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. लष्करी न्यायालयांनी दिलेल्या देहान्त शिक्षांवर सही करणे सदसद्विवेकाला पटत नाही म्हणून त्याने सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात अध्यक्षपद सोडले, आणि माद्रिदच्या नागरी स्मशानभूमीतल्या त्याच्या थडग्यावर आजही ही गोष्ट अभिमानाने कोरलेली आहे. सत्तेपेक्षा विवेक मोठा मानणारा माणूस राजकारणात विरळा. तरीही एक प्रश्न उरतो, आणि साल्मेरोनचा गौरव करणारे तो टाळतात. सही करण्याची वेळ येऊ नये अशी त्याची इच्छा होती, की ती सही आपल्या हातून होऊ नये अशी? पद सोडल्याने त्या शिक्षांचा प्रश्न संपला नाही. तो पुढच्या माणसाच्या टेबलावर गेला. बंडखोर शहरांवर मार्तिनेस काम्पोस आणि पाविया या सेनापतींना साल्मेरोननेच पाठवले होते. म्हणजे तोफा डागण्याचा निर्णय त्याचा आणि तोफा डागणाऱ्या फौजेची शिस्त राखण्याचे ओझे दुसऱ्याचे, असा तो हिशेब झाला. ज्याला मृत्युदंडाची शिक्षा झाली होती त्या कास्तेलारने हे ओझे उचलले. यात मला निर्ढावलेपणा दिसत नाही. जबाबदारी कोणी तरी घ्यायला हवी आणि ती घेतल्यावर आपले नाव कायमचे डागाळेल, हे जाणून केलेली ती कृती होती.

आणि इथेच माझा मूळ मुद्दा येतो. असाधारण अधिकार कास्तेलारने हिसकावले नाहीत. संसदेने त्याला ७ सप्टेंबरला निवडले, मागितलेले अधिकार कायद्याने दिले आणि स्वतःचे कामकाज २० सप्टेंबरपासून २ जानेवारीपर्यंत स्थगित केले. तारीख ठरलेली होती, हिशेब देण्याची बोली ठरलेली होती. त्या साडेतीन महिन्यांत त्याने विखुरलेले तोफखाना दल पुन्हा उभे केले, कार्ताखेनाला वेढा आवळला, आणि क्युबातल्या बंडखोरांना मदत नेणारे, अमेरिकी झेंड्याचे ‘व्हर्जिनियस’ जहाज पकडून त्यावरच्या ५३ लोकांना सान्तियागो येथे गोळ्या घालण्यात आल्या तेव्हा अमेरिकेशी पेटू पाहणारे युद्ध वाटाघाटींनी टाळले. हे सारे यश मान्य करूनही मी त्याला मोठा म्हणतो ते यासाठी नव्हे. २ जानेवारी १८७४ रोजी, ठरल्या दिवशी, त्याने संसद उघडली. यासाठी मी त्याला मोठा म्हणतो.

ते उघडणे किती अवघड होते, हे समजून घ्यायला हवे. माद्रिदचा कॅप्टन जनरल पाविया याने डिसेंबरच्या अखेरीस त्याला भेटून सुचवले होते की संसदेची स्थगिती वाढवावी. संसद भरली तर सरकार पडणार, हे उघड दिसत होते. साल्मेरोन आता विरोधात उभा होता, कारण कास्तेलारने रोमशी समझोता करून रिकाम्या बिशपपदांवर नेमणुका ठरवल्या होत्या आणि राजेशाहीकडे झुकलेल्या सेनापतींना मोक्याच्या जागा दिल्या होत्या. एका सहीने तारीख पुढे ढकलता आली असती. फौज पाठीशी होती, धनिक वर्ग टाळ्या वाजवायला तयार होता, युरोपातल्या सरकारांनाही हायसे वाटले असते. कास्तेलारने नकार दिला. चर्चा रात्रभर चालली आणि पहाटेच्या सुमारास विश्वासाचा ठराव १०० विरुद्ध १२० मतांनी फेटाळला गेला. त्याने तत्काळ राजीनामा दिला. नवा अध्यक्ष निवडण्यासाठी मतदान चालू असतानाच पावियाची चिठ्ठी सभापती साल्मेरोनच्या हाती पडली: सभागृह रिकामे करा. त्या क्षणी ज्यांनी नुकतेच त्याला पाडले होते तेच सदस्य ओरडून म्हणू लागले की कास्तेलारवर पुन्हा विश्वास व्यक्त करू या. त्याने उत्तर दिले की आता ते शक्य नाही, माझा हुकूम आता कोणी मानणार नाही. युद्धमंत्री पावियाला बडतर्फ करण्याचा हुकूम काढत होता, तेवढ्यात शिपाई आत आले, मार्गिकेत हवेत गोळ्या झाडल्या गेल्या आणि सदस्य पांगले. पाविया घोड्यावर बसून सभागृहात शिरला, ही लोकप्रिय कथा खोटी आहे. तो बाहेर चौकात होता. मला या दंतकथेचा राग येतो, कारण घोड्याचे चित्र इतके आकर्षक आहे की त्याच्या आड त्या रात्रीची खरी गोष्ट दिसेनाशी होते. पावियाला कास्तेलारची गादी उलथायची नव्हती. त्याला कास्तेलारच गादीवर हवा होता. सभागृह रिकामे झाल्यावर त्याने सरकार बनवण्याचे निमंत्रण त्याला दिले. कास्तेलारने ते धुडकावले आणि या बंडाचा जाहीर निषेध केला.

एकोणिसाव्या शतकातल्या स्पेनमध्ये ही घटना केवढी असाधारण होती, हे त्या शतकाची जंत्री पाहिल्याखेरीज कळत नाही. १८२० मध्ये रिएगो, मग एस्पार्तेरो, नार्व्हाएस, ओ'डॉनेल, १८६८ मध्ये प्रिम. पुरोगामी असोत वा प्रतिगामी, सत्ताबदल सेनापतीच्या जाहीरनाम्यानेच होई. सेनापती आपल्या बाजूने उभा राहिला तर त्याला क्रांती म्हणायचे आणि विरुद्ध बाजूने उभा राहिला तर बंड, हा सर्वपक्षीय रिवाज होता. ज्या क्रांतीने कास्तेलारला परदेशातून परत आणले तीही कादिझच्या बंदरात आरमाराने आणि सेनापतींनी सुरू केली होती. अशा देशात संगिनीच्या टोकावर आयती मिळणारी सत्ता नाकारणारा मुलकी नेता ही नवी गोष्ट होती. फ्रान्समध्ये १८४८ च्या जूनमध्ये जनरल काव्हेन्याकला संसदेने असेच सर्वाधिकार दिले होते. त्याने पॅरिसच्या कामगारांचे रक्त सांडले, ते अक्षम्य आहे. पण डिसेंबरच्या निवडणुकीत लुई नेपोलियनकडून हरल्यावर त्याने सत्ता निमूट सोडली. आणि ज्याला त्याने ती सोपवली त्यानेच तीन वर्षांनी प्रजासत्ताक गिळले. १८७३ च्याच मे महिन्यात अध्यक्ष थिएरने फ्रेंच संसदेत मत गमावताच राजीनामा दिला; तिथे मात्र संसद शाबूत राहिली. म्हणजे नियमाने सत्ता सोडणाऱ्याला यश मिळतेच असे नाही. तरीही तो नियम पाळला जाण्याची सुरुवात कोणी तरी हरण्याची तयारी ठेवूनच करावी लागते.

इथे टीकाकार योग्य ठिकाणी बोट ठेवतात. पावियाला माद्रिदचा कॅप्टन जनरल कोणी केले? कास्तेलारने. त्याचा इरादा कानावर आल्यावरही त्याला त्या जागी कोणी राहू दिले? कास्तेलारने. मग त्याच्या निषेधाला अर्थ काय? हा आक्षेप मला खोडता येत नाही. तो बहुतांशी खरा आहे. फौज पुन्हा उभी करताना तिला मुलकी सत्तेच्या दावणीला बांधण्याची काहीच व्यवस्था त्याने केली नाही. शिस्त परत आली म्हणजे निष्ठाही परत आली, असे त्याने गृहीत धरले. सैनिक अधिकाऱ्याचे ऐकू लागला. अधिकारी कोणाचे ऐकणार, हा प्रश्न उघडाच राहिला. मात्र या दोषाचे माप नीट घ्यावे. हा अविचार आहे, निष्काळजीपणा आहे, कारस्थान नाही. आणि त्या रात्री मत देणाऱ्या १२० जणांनाही त्यातला वाटा उचलावा लागेल. सरकार पाडण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता, तो मी नाकारत नाही. परंतु पाडल्यावर कोण येणार, फौज कोणाचे मानणार, उत्तरेतले आणि कार्ताखेनातले युद्ध कोण चालवणार, याची उत्तरे त्यांच्याकडेही नव्हती. कार्ताखेना शरण आली १२ जानेवारीला, म्हणजे संसद उधळल्यानंतर नऊ दिवसांनी. या नऊ दिवसांवर ‘असे झाले असते तर’ या धर्तीचा इमला उभारण्याचा मोह अनेकांना होतो. मला तो होत नाही, कारण प्रजासत्ताकाचा खरा शत्रू कार्ताखेनात नव्हता, तो माद्रिदच्या बराकींत होता, आणि पुढे २९ डिसेंबर १८७४ रोजी सागुन्तो येथे मार्तिनेस काम्पोसने राणी इसाबेलचा मुलगा अल्फोन्सो बारावा याचा राजा म्हणून जयघोष करून ते सिद्ध केले.

यापुढचा कास्तेलार मात्र वेगळ्या न्यायाने पाहिला पाहिजे. राजेशाही परतल्यावर प्राध्यापकांच्या मतस्वातंत्र्यावर घाला घालणारे परिपत्रक निघाले तेव्हा त्याने निषेधार्थ आपले अध्यासन सोडले. १८७६ पासून तो पुन्हा संसदेत होता. बंडाचे कट करणाऱ्या रुईस सोरिया याच्या मार्गाने जायचे नाही, संसदेतच राहून मिळेल ते मिळवायचे, ही त्याची नवी भूमिका. यालाही त्याचे टीकाकार शरणागती म्हणतात आणि इथे मी ठामपणे त्याच्या बाजूने आहे. पुन्हा फ्रान्सकडे पाहा. सागुन्तोच्या बंडानंतर एकाच महिन्याने, ३० जानेवारी १८७५ रोजी, राजेशाहीवाद्यांचे बहुमत असलेल्या फ्रेंच संसदेने ३५३ विरुद्ध ३५२ अशा एका मताने अध्यक्षपदाची तरतूद मान्य केली आणि प्रजासत्ताकाला कायदेशीर देह मिळाला. गॅम्बेटासारख्या जहाल माणसाने त्यासाठी मनाविरुद्धची सेनेट पत्करली. ते प्रजासत्ताक १९४० पर्यंत टिकले. मग तडजोड तिथे शहाणपणाची आणि इथे शरणागतीची, असे कोणत्या न्यायाने म्हणायचे? कास्तेलारलाही रिकाम्या हाताने परतावे लागले नाही. सागास्ताच्या उदारमतवादी सरकारने १८८८ मध्ये ज्यूरी पद्धत आणली आणि १८९० मध्ये पंचवीस वर्षांवरील सर्व पुरुषांना मताधिकार दिला. हे दोन्ही १८६८ च्या क्रांतीचे वचन होते आणि ते राजाच्या राज्यात पुरे करून घेण्यात कास्तेलारच्या दबावाचा आणि पाठिंब्याचा हात होता.

त्याची चूक पुढच्या पावलात आहे. मागितलेले मिळाले, आता वेगळ्या पक्षाची गरज उरली नाही, असे मानून त्याने १८९३ मध्ये आपल्या अनुयायांना सागास्ताच्या पक्षात जाण्याचा सल्ला दिला आणि स्वतः राजकारणातून जवळजवळ अंग काढून घेतले. पण मिळाले होते काय? मताधिकार कायद्यात आला होता, मतपेटीत आला नव्हता. निवडणुकीचा निकाल गृहमंत्रालयात आधी आखला जाई, गावोगावचे ‘कासिके’ म्हणजे मातब्बर पुढारी तो पार पाडत, आणि ज्या पक्षाचे सरकार निवडणूक घेई तोच निवडून येई. दोन पक्ष आळीपाळीने सत्तेवर बसत. त्याला हे ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. तो स्वतः त्याच संसदेत वर्षानुवर्षे बसत होता. सत्ता कोणाकडून आली आणि कोणाला परत केली जाते, या मापाने पाहिले तर ही व्यवस्था सपशेल नापास होते, कारण तिथे सत्ता मतदाराकडून येत नव्हती आणि मतदाराला परतही जात नव्हती. जानेवारी १८७४ मध्ये ज्याने संसदेच्या मताखातर सत्ता सोडली, त्याने ते मतच पोकळ होत असताना पहारा उठवावा, हे मला त्याच्या साऱ्या तडजोडींपेक्षा जड वाटते. सप्टेंबर १८७३ मध्ये त्याने तत्त्व सोडले ते गळ्यापर्यंत पाणी आले म्हणून. १८९३ मध्ये पाणी कुठेच नव्हते.

क्युबाचा प्रश्न याहून गंभीर आहे आणि त्याचे चाहते त्याला नेहमी एका वाक्यात उरकतात. ३० जुलै १८७३ रोजी संसदेत त्याने सांगितले होते की स्वातंत्र्य, प्रजासत्ताक, संघराज्य, लोकशाही या सर्वांच्या आधी आपण स्पेनचे आहोत. कांतोनवाल्यांना उद्देशून हे वाक्य समजण्यासारखे होते; समुद्रापलीकडच्या बेटाबाबत तेच वाक्य वेगळे बोलते. २२ मार्च १८७३ रोजी, स्थापनेनंतर सहाव्या आठवड्यात, याच प्रजासत्ताकाने पोर्तो रिकोतली गुलामगिरी रद्द केली. सुमारे ३०,००० माणसे मुक्त झाली, जरी त्यांना तीन वर्षे कराराने मजुरी करण्याची आणि पाच वर्षे राजकीय हक्कांशिवाय राहण्याची अट होती. क्युबात गुलामांची संख्या कित्येक पटींनी मोठी होती आणि त्यांच्यासाठी काहीच झाले नाही. तत्काळ मुक्ती मागणारा १८७० चा वक्ता आता अध्यक्षपदी होता आणि त्याच्यापाशी असाधारण अधिकार होते. युद्ध चालू असताना हे करता येत नाही, मळेवाले उलटतील, बेट हातचे जाईल, असे त्यावर उत्तर दिले जाते. मळेवाल्यांच्या ताकदीचा मुद्दा मी मान्य करतो. हवानातले त्यांचे स्वयंसेवक माद्रिदचा हुकूम जुमानत नव्हते आणि व्हर्जिनियसच्या प्रकरणात ते जगाला दिसले. पण ज्या युद्धात बंडखोरांनी गुलामांना स्वातंत्र्य देऊ केले होते, त्या युद्धात प्रजासत्ताकाने त्याच गुलामांना साखळीत ठेवून कोणाची निष्ठा मिळवली? क्युबातली गुलामगिरी पूर्णपणे संपली १८८६ मध्ये. १८९५ मध्ये पुन्हा युद्ध पेटले तेव्हा पी इ मार्गाल क्युबाला स्वातंत्र्य द्या असे उघडपणे, लोकक्षोभ ओढवून घेत सांगत होता. कास्तेलारने ते अखेरपर्यंत मान्य केले नाही. १८९८ मध्ये बेट गेले आणि पुढच्या मे महिन्यात मुर्सियातल्या सान पेद्रो देल पिनातार येथे तो वारला.

प्रजासत्ताकाच्या संसदेत पोर्तो रिकोचे प्रतिनिधी बसत होते आणि गुलामगिरी रद्द करण्याचा आग्रह त्यांनीच लावून धरला. क्युबाचा एकही प्रतिनिधी त्या सभागृहात नव्हता. तिथले सदस्य आले ते युद्ध थांबल्यानंतर, १८७९ मध्ये. २ जानेवारीच्या रात्री कास्तेलारने ज्यांच्याकडून सत्ता घेतली होती त्यांना तिचा हिशेब दिला, आणि त्या हिशेबात तो खरा उतरला. क्युबावर त्याने जी सत्ता चालवली ती क्युबातल्या कोणी त्याला दिलीच नव्हती, आणि तिचा हिशेब मागायला तिथले कोणी समोर बसलेले नव्हते.